काय बघितलंस, सांग की



गेल्या मे महिन्यात मी तीन आठवडे अथेन्सला धाकट्या लेकीकडे राहून आले. कंपनीच्या कामासाठी तिला सहा महिने तिकडं पाठवलं होतं. परत आल्यापासून बस्तीत, भिशीत, लग्नाच्या मांडवात जी भेटेल ती मला दोनच प्रश्न विचारते. एक, "तिकडं खाल्लंस काय?" आणि डेल्फीच्या देवळाचे फोटो बघितले असतील तर दुसरा, "दुसऱ्यांच्या देवळात कशाला गेलीस?"

दोन्ही प्रश्न आपल्या घरातलेच आहेत आणि दोन्हींची उत्तरं मी देणार आहे. पण तिसरा प्रश्न एकीनेही विचारला नाही, तो म्हणजे "काय बघितलंस?" आजचा लेख खरं तर त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

आधी ठिकाण कुठलं ते सांगते. डेल्फी हे अथेन्सपासून साधारण 180 किलोमीटरवर, पार्नासस नावाच्या डोंगराच्या उतारावर आहे. डोंगर 2457 मीटर उंच. प्राचीन ग्रीक लोक डेल्फीला पृथ्वीची बेंबी समजत. त्यांची कथा अशी की झ्यूस देवाने जगाच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले आणि ते जिथं भेटले तेच हे ठिकाण. तिथं अपोलो देवाचं मंदिर होतं आणि राजेरजवाड्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे आपला प्रश्न घेऊन तिथं कौल लावायला येत. 1987 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. अथेन्सहून रोज बसगाड्या सुटतात. सकाळी साडेआठला निघायचं आणि संध्याकाळी सातला परत. सोबत गाईड. तिकडे गाईड व्हायला रीतसर शिक्षण आणि परवाना लागतो, हे मला तिथंच कळलं.

आता पहिला प्रश्न, खाण्याचा. आदल्या रात्री मी दशम्या केल्या, तिळाची कोरडी चटणी घेतली, बेसनाचे चार लाडू आणि उकळून गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. लेक म्हणाली, "आई, तिकिटात जेवण धरलेलंय." मी म्हटलं, "असू दे की. डबा कुणाला जड होतो?"

पण तेवढ्यावर न थांबता मी आणखी एक केलं. लेकीच्या ऑफिसातल्या एका ग्रीक मुलीकडून एका कागदावर ग्रीकमध्ये लिहून घेतलं : मांस, मासे, अंडी, मध, कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालत नाही. तिने मला एक शब्दही शिकवला, "निस्तीसिमो". तिकडच्या ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं. त्या उपासाच्या पदार्थाला निस्तीसिमो म्हणतात. हा शब्द कानावर पडला की हॉटेलवाल्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसते. मात्र आपण सावध राहायचं, कारण त्यांच्या उपासाला कालवं आणि कोळंबी चालते, कांदा-लसूण तर असतोच. म्हणून शब्द आणि कागद दोन्ही हवेत. चीजचंही तसंच. तिकडचं पारंपरिक चीज जनावराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, तेव्हा ते मी खाल्लं नाही. बकलाव्यात मध असू शकतो, तोही नाही.

मग मिळालं काय? होर्ता. रानातली पालेभाजी नुसती उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. त्यात फोडणीही नाही आणि कांदाही नाही. आपली आजी चाकवत-तांदुळजा खुडायची, तशाच तिकडच्या आज्या डोंगरातून ती भाजी खुडून आणतात. होर्ता, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी आणि सोबत माझ्या दशम्या. मे अखेरीस तिथं सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळं घरी परतून दिवसाउजेडी निवांत जेवताही आलं. तेव्हा "नेमधर्म पाळायचा म्हणून कुठं जाता येत नाही" असं जी म्हणते तिला माझं सांगणं आहे की कागद लिहून घे, डबा बांध आणि जा.

आता प्रवास. अथेन्स सोडलं की सपाट शेतं लागतात, मग थीब्ज, मग लिवादिया. तिथून रस्ता डोंगरात शिरतो. एका तिठ्याजवळ गाईडने माईक हातात घेतला आणि सांगितलं की इथंच कुठंतरी इडिपस नावाच्या राजपुत्राने वाटेवरून झालेल्या भांडणात एका म्हाताऱ्याला मारलं, आणि तो आपला बाप होता हे त्याला माहीत नव्हतं. सगळी बस खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर काय होतं? झुडपं आणि डांबरी रस्ता. पण गोष्ट सांगितली म्हणून चाळीस माणसांनी त्या झुडपांकडे बघितलं. हे मी तिथंच मनात टिपून ठेवलं.

पुढं आराखोवा गाव येतं. डोंगराच्या कडेला घट्ट बिलगलेली लाल कौलांची घरं, दुकानांबाहेर टांगलेल्या विणलेल्या सतरंज्या. त्यानंतर दहा किलोमीटरवर डेल्फी. बसमधून उतरले आणि आधी वर बघितलं. दोन उभे कडे, राखाडी आणि तांबूस, आणि त्यांच्या फटीतून येणारा झरा. खाली बघितलं तर दरीभर ऑलिव्हची झाडं, थेट समुद्रापर्यंत. वाऱ्याने पानं उलटली की अख्खी दरी चंदेरी दिसायची. असा डोंगर बघितला की शिखरजीची पहाट आठवतेच. तिथं आपण अनवाणी चढतो, सत्तावीस किलोमीटरची वंदना करतो. इथं सगळे बूट घालून देवाच्या वाटेवर चालले होते. मीही बूटच घातले होते, पण पहिली काही पावलं मला चोरट्यासारखं वाटलं.

आमची गाईड पन्नाशीची बाई होती. आवाज खणखणीत नव्हता, पण घाईचा नव्हता. वळणावळणाने वर जाणाऱ्या वाटेवर ती दहा पावलं चालायची, थांबायची, सगळे आले का बघायची आणि मग बोलायची. दोन्ही बाजूंना पडलेले दगड. तिने सांगेपर्यंत ते मला दगडच दिसत होते. ती सांगू लागली की हे अथेन्सच्या लोकांनी बांधलेलं छोटं कोषागार, देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायला. पडलं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच दगडांतून पुन्हा उभं केलं. या सगळ्या अवशेषांवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एक नांदतं गाव होतं, कास्त्री नावाचं. 1892 मध्ये फ्रेंच लोकांनी उत्खनन सुरू केलं तेव्हा ते अख्खं गाव उचलून पलीकडे वसवलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या बायकाच आल्या. आपल्या चुलीखाली देऊळ आहे म्हणून घर सोडायला सांगितलेल्या.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. अपोलोच्या मंदिरासमोर काळसर दगडाची मोठी वेदी आहे. गाईडने सांगितलं की कौल लावण्याआधी इथं बोकड आणत. त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडत. तो शहारला तर देवाची परवानगी आहे असं समजत आणि मग त्याचा बळी देत. ते ऐकलं आणि मी दोन पावलं मागे सरले. मनातल्या मनात णमोकार म्हटला. लेकीने विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे. त्या बोकडासाठी म्हटला."

मी तिथं हात जोडले नाहीत, फूल वाहिलं नाही. बघायला गेले होते, पूजायला नाही. यातला फरक आपल्याला कळतो एवढा विश्वास आपण एकमेकींवर ठेवायला हवा. आणि असं बघा, भगवान महावीरांच्या काळात आपल्याही देशात यज्ञात पशू मारले जात होते. अहिंसा किती अवघड काळात सांगितली गेली हे मला पोथीत वाचून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या वेदीपुढं कळलं.

आणखी एक गोष्ट सांगते. याच मंदिरात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात प्लुटार्क नावाचा पुजारी होता, मोठा लेखक. त्याने मांस खाण्याच्या विरोधात निबंध लिहिले आहेत. जिथं बोकड कापले जात, तिथल्याच पुजाऱ्याला हा प्रश्न पडला होता. म्हणजे दयेचा विचार तिकडंही कुणाच्या तरी मनात जागा होता. हे कळल्यावर ते ठिकाण मला तितकं परकं राहिलं नाही.

मंदिराचे आता सहा खांब उभे आहेत, तेही पडलेले तुकडे एकावर एक रचून उभे केलेले. आतल्या गाभाऱ्यात तिवईवर एक बाई बसत असे, पिथिया. देवाचं बोलणं तिच्या तोंडून येतं अशी श्रद्धा. सुरुवातीला तरुण मुलगी नेमत, पुढं नियम बदलला आणि पन्नाशी उलटलेली बाई नेमू लागले. गाईड हे सांगताना आमच्याकडे बघून हसली, कारण गटात तशा आम्ही बऱ्याच होतो. युद्ध करावं की नाही, नवी वसाहत कुठं वसवावी, हे विचारायला राजे जिच्यापुढं उभे राहत, ती गावातली साधी प्रौढ बाई असायची.

मंदिराच्या दर्शनी भागात काही वचनं कोरलेली होती. त्यातली दोन जगप्रसिद्ध आहेत. स्वतःला ओळख, हे एक. कशाचाही अतिरेक नको, हे दुसरं. आपल्यासारख्यांना दोन्ही घरचीच वाटतील. आत्म्याची ओळख आणि परिग्रहाचं परिमाण यावर आपण दर पर्युषणात ऐकतोच. पण तिसरं वचन ऐकून मी मोठ्याने हसले. त्याचा अर्थ असा की कुणाला जामीन राहिलास की संकट आलंच समज! आमचे सासरे अगदी हेच सांगायचे. चुलत दिराच्या कर्जाला सही केली आणि पाच वर्षं फेडत बसलो. त्यांचं वचन आमच्या घरातल्या कुणीही दगडावर कोरलं नाही, म्हणून आम्हाला ते उशिरा आठवलं.

मंदिराच्या खाली वेड्यावाकड्या दगडांची एक भिंत आहे, दगड एकमेकांत असे बसवलेत की जणू गोधडीचे तुकडे. जवळ गेलं की कळतं, सगळ्या भिंतीवर बारीक अक्षरं कोरली आहेत. ते गुलामांच्या सुटकेचे दस्तऐवज आहेत, शेकड्यांनी. गुलाम स्वतः पैसे साठवत, पण कायद्याने त्यांना स्वतःला विकत घेता येत नसे. म्हणून मालक त्यांना देवाला विकल्याचं दाखवत आणि देवाच्या नावावर ते मोकळे होत. त्यात बायका पुष्कळ. काहींच्या दस्तात अट आहे की मालक किंवा मालकीण मरेपर्यंत तिने त्यांची सेवा करत राहायचं. म्हणजे सुटका झाली, पण आज नाही. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवणार होते, पण हात लावायचा नसतो. गाईडने सांगितलं नसतं तर त्या भिंतीला मी पाठ टेकून फोटो काढून घेतला असता.

तिथून वर नाट्यगृह आहे, पाच हजार माणसं बसतील एवढं. वरून मंदिराचे खांब, कडे आणि दरी एका नजरेत दिसते. माझे गुडघे इथं संपले. आणखी वर धावण्याच्या शर्यतींचं मैदान आहे, पण चढ होता. गाईड म्हणाली, ज्यांना जायचंय त्यांनी वीस मिनिटांत जाऊन या. मी लेकीला म्हटलं, "तू जा, मी बसते इथं."

ती गेली. मी एकटी बसले होते. ती घामेजून खाली आली तेव्हा मी न ठरवता विचारलं, "काय बघितलंस? सांग की."

तिने फोन पुढं केला. "हे बघ, फोटो."

आणि मैत्रिणींनो, माझ्या पोटात कालवलं. कारण हे शब्द माझे नव्हते. माझ्या सासूबाईंचे होते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही वीस-पंचवीस जणी बस करून यात्रेला गेलो होतो. चार दिवसांत नऊ क्षेत्रं. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या. एका क्षेत्रावर डोंगर चढायचा होता. त्यांच्याने होणार नव्हतं आणि डोलीसाठी थांबायला वेळ नव्हता, कारण पुढच्या गावी अंधार पडायच्या आत जेवायला पोचायचं होतं. मीच म्हटलं, "आई, तुम्ही इथं बॅगांपाशी बसा, आम्ही पटकन जाऊन येतो." दीड तासात आम्ही वर जाऊन, अर्घ्य वाहून, फोटो काढून खाली आलो. त्या धर्मशाळेच्या पायरीवर बॅगांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय बघितलंस? सांग की जरा."

मी म्हटलं, "खूप छान आहे आई. मोठी मूर्ती आहे." त्यांनी विचारलं, "कुणाची?" मी थांबले. मला सांगता येईना. लांछन बघितलंच नव्हतं. शांतिनाथ म्हटलं, मग दुसरी कुणीतरी म्हणाली, नाही हो, पार्श्वनाथ. फणा होता की नाही यावर बसमध्ये आमच्यात चर्चा झाली. शेवटी मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यात मधोमध मी होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि परत दिला. म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हाला तरी घडलं दर्शन." त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या.

नाट्यगृहाच्या त्या दगडावर बसून मी लेकीला म्हटलं, "फोन ठेव आत. तू सांग." ती आधी गोंधळली. मग सांगायला लागली. मैदान लांबुळकं आहे, एका बाजूला डोंगरात खोदलेल्या पायऱ्या, पंचांना बसायला पाठ टेकायची आसनं, धावायला सुरुवात करायची ती दगडाची रेघ अजून आहे, तिच्यात पायाची बोटं रोवायला खाचा आहेत. वर पाइनची झाडं आहेत, त्यांचा वास येतो. ती पाच मिनिटं बोलली. ते मैदान मी बघितलेलं नाही, पण आजही तुम्हाला सांगू शकते.

नंतर संग्रहालय. तिथं दोन गोष्टींपाशी मी खिळले. एक म्हणजे दोन भावांचे संगमरवरी पुतळे, क्लिओबिस आणि बिटॉन म्हणून ओळखले जातात. दोन मीटरहून उंच, नग्न, सरळ उभे, हात दोन्ही बाजूंना खाली सोडलेले. आपल्या कुठल्याही बाईला लांबून खड्गासनातली प्रतिमाच आठवेल. जवळ गेल्यावर फरक दिसतो. त्यांच्या मुठी वळलेल्या आहेत आणि एक पाय पुढं आहे, चालायला निघाल्यासारखा. आपल्या जिनप्रतिमेचे पाय समान असतात, हात मोकळे असतात. तिला कुठं जायचं नसतं, काही धरायचं नसतं. कायोत्सर्गाचा अर्थ मी आयुष्यभर ऐकत आले, पण त्या वळलेल्या मुठी बघितल्यावर तो डोळ्यांना दिसला. हे पुतळे इसवी सनपूर्व 580 च्या सुमाराचे. आपल्या परंपरेच्या हिशेबाने तेव्हा वर्धमान कुंडग्रामात तरुण राजपुत्र होते.

त्यांची गोष्ट हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. आईला हेरा देवीच्या मंदिरात जायचं होतं आणि बैल वेळेवर आले नाहीत. दोघा मुलांनी स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं आणि सुमारे आठ किलोमीटर गाडी ओढत आईला मंदिरात पोचवलं. आईने देवीकडे मागितलं की माणसाला मिळू शकेल ते सर्वांत चांगलं माझ्या मुलांना दे. मुलं मंदिरातच झोपली, ती पुन्हा उठली नाहीत. ग्रीकांना तो सुंदर शेवट वाटला. मला आई म्हणून तो पटला नाही. पण गोष्टीचा पहिला भाग मात्र मनात रुतून बसला. बैल नव्हते म्हणून त्यांनी आईला पायरीवर बसवून ठेवलं नाही.

दुसरा पुतळा काशाचा, रथ हाकणाऱ्या तरुणाचा. 1896 मध्ये सापडला, उंची 1.80 मीटर. रथ गेला, घोडे गेले, उरला तो. हातात लगामाचे तुकडे आहेत, पाय अनवाणी, डोळे अजून जिवंत. शर्यत जिंकलेली आहे आणि चेहऱ्यावर गर्वाचा लवलेश नाही. गाईडने तिथं फक्त एक वाक्य बोलून सगळ्यांना दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगितलं. सांगणाऱ्याला कधी थांबायचं हेही कळावं लागतं.

ही गाईडची परंपरा तिथं नवी नाही. प्लुटार्कच्या एका लेखनात असा प्रसंग आहे की काही पाहुणे डेल्फी बघायला आले आहेत, गाईड आपलं पाठ केलेलं भाषण संपवतच नाहीत, आणि पाहुणे आवरा म्हणून विनवतात तरी ते ऐकत नाहीत! म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वीही हीच तक्रार. हे वाचून मला फार हसू आलं. पण याचा दुसरा अर्थ असा की त्या काळीही तिथं सांगणारी माणसं होती.

आणि सांगणारा असला की गोष्ट किती लांब जाते बघा. अफगाणिस्तानच्या उत्तरेला, आमू दर्याच्या काठी ऐ-खानुम नावाचं प्राचीन ग्रीक शहर सापडलं. तिथल्या एका शिलालेखात क्लिआर्कोस नावाच्या माणसाने नोंदवलंय की डेल्फीची वचनं त्याने स्वतः तिथं जाऊन नीट उतरवून आणली आणि इथं कोरली. त्यात बालपणापासून म्हातारपणापर्यंत कसं वागावं आणि मरताना शोक करू नये, असा उपदेश आहे. डेल्फीहून सुमारे चार हजार किलोमीटर! त्याच देशात कंदाहारला 1958 मध्ये सम्राट अशोकाचा लेख सापडला, ग्रीक आणि अरामी भाषेत. राजा प्राण्यांना मारत नाही आणि त्याच्या राज्यातल्या शिकाऱ्यांनी, कोळ्यांनीही ते सोडलं, असं त्यात ग्रीकमध्ये सांगितलंय. श्रवणबेळगोळला भद्रबाहूंसोबत आलेल्या आपल्या चंद्रगुप्ताचा हा नातू. दोन्हींकडचे विचार तिथवर पोचले, कारण कुणीतरी ते लक्षपूर्वक घेतले आणि पुढच्याला कळतील अशा भाषेत सांगितले.

डेल्फीची पूजा बंद होऊन सोळाशे वर्षं झाली. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. आज तिथं दिवा लावणारं कुणी नाही. तरी चाळीस परक्या माणसांना प्रत्येक दगड समजावून सांगितला जातो. आणि आपली क्षेत्रं जिवंत आहेत, रोज अभिषेक होतो, पण आपण बसमधून उतरतो, रांगेत जातो, अर्घ्य वाहतो, फोटो काढतो, भोजनशाळेत जेवतो आणि पुढच्या क्षेत्राला निघतो. घरी आल्यावर क्षेत्रांची संख्या सांगतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी पर्यटक मी डेल्फीत होते, पण पर्यटकासारखी वागले होते ती आमच्या यात्रेत.

कुणी म्हणेल, दर्शन भावाने होतं, माहितीने नाही. मला मान्य आहे. सासूबाईंना वाचता जेमतेम येत होतं आणि त्यांचा भाव माझ्यापेक्षा शंभरपट होता. पण त्याच तर विचारत होत्या ना, कुणाची मूर्ती? भाव असतो त्यालाच जाणून घ्यायचं असतं. आपल्या रत्नत्रयात दर्शनाच्या शेजारी ज्ञान बसवलेलं आहे आणि श्रावकाच्या रोजच्या सहा कर्तव्यांत स्वाध्याय सांगितला आहे. तो फक्त बस्तीतल्या चटईवर करायचा असतो असं कुठं म्हटलंय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यंदा जी मंडळं यात्रा काढणार आहेत त्यांनी नऊ क्षेत्रांऐवजी तीन घ्यावीत. प्रत्येक क्षेत्रासाठी आपल्यातल्याच एकीवर सांगण्याचं काम सोपवावं. तिने महिनाभर आधी वाचावं, तिथल्या पंडितांना, भट्टारकांना, जुन्या माणसांना विचारावं. मूलनायक कोण, लांछन कुठलं, मंदिर कुणी कधी बांधलं, शिलालेख आहे का, तो काय म्हणतो. ज्याची खात्री नाही ते सांगू नये. आणि आपल्या गाईडसारखं दहा पावलं चालून मागे बघावं, सगळ्या आल्या का. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीचा वेळ आणि पैसा आधीच धरावा. तेही जमलं नाही तर वरून आलेल्या प्रत्येकीने खाली बसलेल्या एकीला, फोन न काढता, पाच मिनिटं सांगावं. एवढं सांगायचं आहे हे माहीत असलं की वर गेल्यावर आपण आपोआप नीट बघतो.

आमच्या मंडळाची यात्रा कार्तिकात आहे. पहिल्या क्षेत्राचं काम मी मागून घेतलंय. तेच क्षेत्र, जिथं सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. तिथल्या मूलनायकांचं लांछन आता मला माहीत आहे. मंदिर कुणी बांधलं तेही शोधते आहे. त्यांना सांगायचं राहून गेलं. या वर्षी पायरीवर जी बसेल तिच्याजवळ बसून सांगेन.

तुमच्यापैकी कुणाला आपल्या गावच्या बस्तीची अशी गोष्ट माहीत असेल तर लिहून ठेवा आणि सुनेला, नातीला सांगा.

जय जिनेंद्र.